कवट्या मोजणाऱ्या इरावतीबाई

काठीची होळी मी पहिल्यांदा पाहिली ती ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस. अक्कलकुवा तालुका तेव्हा धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा व्हायला १९९८ साल उजाडायचे होते. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका शाखेत मी शेतीकर्जाचा अधिकारी होतो आणि मोलगीच्या बाजूची गावे माझ्याकडे होती. शाखेतल्या शिपायाने आग्रह केला म्हणून होळीच्या रात्री जीप काढून काठीला गेलो. एकेकाळच्या काठी संस्थानची ही होळी. रात्रभर डोंगरांतून माणसे उतरत होती. डोक्यावर मोरपिसांचे टोप, अंगभर पांढरे ठिपके, कमरेला वाळलेले दुधी भोपळे आणि घुंगरे. ढोल असे की त्यांचा आवाज छातीत घुमावा. मधोमध उंचच उंच बांबू हातांनी उभा केलेला. पहाटे होळी पेटली आणि थंडीत कुडकुडणारा मी सगळे विसरून बघत राहिलो.

परत आल्यावर पुण्याच्या एका मित्राला लांबलचक पत्र लिहिले. दहा हजार वर्षांपूर्वीचा माणूस आज मी डोळ्यांनी पाहिला, अशा अर्थाचे एक वाक्य त्यात होते. ते मला फार आवडले होते. मित्रालाही आवडले. पुढे एका कथेत मी ते जसेच्या तसे घातले, आणि त्या कथेचे कौतुकही झाले.

ते वाक्य साफ चुकीचे होते. हे मला ज्यांच्यामुळे कळले, त्या बाईंविषयी आज लिहायचे आहे.

इरावती कर्वे हे नाव मराठी घरात सांगावे लागत नाही. ‘युगान्त’ कपाटात असतेच. ‘परिपूर्ती’, ‘भोवरा’, ‘गंगाजल’मधले लेख पाठ्यपुस्तकांतून भेटलेले असतात. महर्षी कर्व्यांची सून, पुण्याच्या रस्त्यावर स्कूटर चालवणारी पहिली बाई, अशा आठवणीही जुने पुणेकर सांगतात. पण लेखन हा त्यांचा फावल्या वेळेचा उद्योग होता. त्यांचा पेशा मानववंशशास्त्राचा. माणूस कुठून आला, आपले पूर्वज कोण, आणि आज दिसणारे निरनिराळे समाज एकमेकांचे कोण लागतात, हे शोधणे त्यांचे काम होते. या कामाची त्यांची सुरुवात माणसांच्या कवट्यांपासून झाली.

१५ डिसेंबर १९०५ रोजी ब्रह्मदेशात मिंज्यान या गावी त्यांचा जन्म झाला. वडील गणेश हरी करमरकर तिथे एका कापूस कंपनीत नोकरीला होते. तिथल्या इरावती नदीवरून मुलीचे नाव ठेवले. सातव्या वर्षी तिला शिकण्यासाठी पुण्याला हुजूरपागेत धाडले. पुढे रँग्लर परांजप्यांच्या घरी ती मुलीसारखी वाढली. पुस्तकांनी भरलेले, धर्माचे अवडंबर नसलेले, वादविवादाला मुभा असलेले ते घर. प्रश्न विचारायची सवय तिथे लागली असणार. १९२६ साली फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन त्या पदवीधर झाल्या. मुंबईला डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्राची एम.ए. केली, प्रबंध चित्पावन ब्राह्मणांवर. त्याच सुमारास महर्षींचे चिरंजीव, रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकर कर्वे यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. दिनकरराव स्वतः जर्मनीत शिकून आलेले. बायकोने तिथे जाऊन डॉक्टरेट करावी असे त्यांनी ठरवले. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचलेल्या महर्षींना मात्र सुनेचे परदेशी जाणे फारसे पसंत नव्हते. अखेर डॉ. जीवराज मेहतांकडून कर्ज घेऊन १९२८ मध्ये इरावतीबाई बर्लिनला निघाल्या.

त्या वेळचे जग डोळ्यांपुढे आणले तर ही सफर किती नाजूक वेळी झाली ते कळते. माणसाच्या पूर्वजांचे अवशेष नुकते कुठे हाती येऊ लागले होते. १८९१ मध्ये डच डॉक्टर द्युबुआ याला जावा बेटावर एका प्राचीन मानवाच्या कवटीचा वरचा भाग मिळाला होता. १९२४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या टाँग येथे एका पिल्लाची कवटी सापडली. धड वानराची नाही, धड माणसाची नाही. इरावतीबाई बर्लिनमध्ये असतानाच, १९२९ च्या डिसेंबरात, पेकिंगजवळच्या गुहेतून पेई वेनचुंग याने आणखी एक कवटी बाहेर काढली. हा झाला विज्ञानाचा आनंद. पण दुसऱ्या बाजूला याच कवट्यांवरून माणसांची उतरंड लावण्याचा धंदा तेजीत होता. कोण अधिक विकसित, कोण मागे राहिलेला, हे डोक्याची लांबी-रुंदी मोजून ठरवता येते, अशी बड्या बड्या पंडितांची खात्री होती. पूर्वग्रहाची पट्टी डोळ्यांवर असली की विद्वानही कसे फसतात, याचे उदाहरण म्हणजे इंग्लंडमधला पिल्टडाउन मानव. १९१२ मध्ये जाहीर झालेला हा आद्य इंग्रज १९५३ मध्ये बनावट ठरला. माणसाच्या कवटीला वानराचा जबडा जोडून कोणीतरी तो तयार केला होता. चाळीस वर्षे तो खपला, कारण आद्य मानव आपल्याच देशात निपजला असे मानायला तिथल्या अनेकांना आवडत होते.

बर्लिनच्या दालेम भागात मानववंशशास्त्र आणि आनुवंशिकतेची एक संस्था १९२७ मध्ये निघाली होती. संचालक ऑयगेन फिशर. नैर्ऋत्य आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत संमिश्र वंशाच्या लोकांचा अभ्यास करून त्यांनी नाव मिळवले होते, आणि गोऱ्या वंशाच्या श्रेष्ठत्वावर त्यांचा विश्वास होता. पुढे नाझींच्या वंशविषयक धोरणाला हीच संस्था शास्त्राचा शिक्का पुरवणार होती. या फिशरसाहेबांनी इरावतीबाईंना विषय दिला तो कवटीच्या असममितीचा. माणसाची कवटी दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखी नसते. गोऱ्या युरोपियनांच्या मेंदूचा कपाळामागचा उजवा भाग मोठा असतो, म्हणून त्यांची कवटी अधिक असममित असते आणि त्यामुळेच ते अधिक बुद्धिमान, अशी प्राध्यापकांची कल्पना होती. ती सिद्ध करायची होती.

इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. त्यांत युरोपियनांच्या होत्या तशा जर्मनीच्या आफ्रिकेतल्या वसाहतींतून आणलेल्याही होत्या. एकेक कवटी हातात घ्यायची, चिमट्यासारख्या मापकाने दोन्ही बाजूंची अंतरे घ्यायची, आकडे मांडायचे. चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी, परका देश, परकी भाषा. आकडे जुळवल्यावर दिसले ते असे की डावे-उजवे सगळ्यांचेच कमी-जास्त असते, आणि त्याचा वंशाशी काही संबंध लागत नाही.

तसेच त्यांनी प्रबंधात लिहिले.

माझ्यासारख्या बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला इथे जरा थांबावेसे वाटते. कर्ज काढून शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याला पदवी हवी असते, गुण हवे असतात, परतल्यावर नोकरी हवी असते. गुरूच्या मनासारखा आकडा चार-दोन मिलिमीटर इकडे-तिकडे करून देता येतो. तपासायला कोण बसले आहे? वरिष्ठांना हवा तसा अहवाल कसा तयार होतो, हे मी तीस-पस्तीस वर्षे पाहिले आहे आणि दोन-चार वेळा केलेही आहे. इरावतीबाईंनी ते केले नाही. पदवी मिळाली, गुण मात्र बेताचेच. १९३१ मध्ये तो प्रबंध जर्मनीत छापून निघाला. पुढच्या दोनच वर्षांत जर्मनीत काय घडले ते सर्वांना ठाऊक आहे.

परतल्यावर काही वर्षे महर्षींच्या महिला विद्यापीठात त्यांनी कुलसचिवाचे काम केले. त्यात त्यांचा जीव रमला नाही. १९३९ मध्ये पुण्याचे डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून नव्याने उभे राहिले आणि इरावतीबाई तिथे समाजशास्त्राच्या प्रपाठक झाल्या. पुरातत्त्वाचे हसमुख धीरजलाल सांकलिया त्यांचे सहकारी. एक जमिनीखालचा माणूस शोधणारा, दुसरी जमिनीवरचा. दोघांची गाठ पडली ती उत्तर गुजरातेतल्या लांघणज या गावी.

मेहसाणा जिल्ह्यातल्या या गावाभोवती वाळूच्या टेकड्या आहेत. नखाएवढ्या बारीक दगडी पात्यांची हत्यारे सांकलियांना तिथे मिळाली होती. बाणाच्या टोकाला, लाकडाच्या खाचेत बसवायची ही पाती. ती वापरणारा माणूस कसा होता, हा प्रश्न होता. १९४४ पासूनच्या मोहिमांत वाळूतून त्या माणसांचे सांगाडेच निघू लागले. गुडघे पोटाशी दुमडून, झोपलेल्या मुलासारखे कुशीवर पुरलेले. हाडे इतकी ठिसूळ की हात लावावा तर भुगा व्हायचा. ब्रशने वाळू झाडायची, हाड उघडे पडले की ते पक्के करायचे, मग उचलायचे. शिकार करून जगणाऱ्या, काही हजार वर्षांपूर्वीच्या या माणसांना कोणीतरी मायेने मातीत ठेवले होते, हे त्या दुमडलेल्या गुडघ्यांवरून कळत होते. प्राचीन मानवाचे असे सांगाडे भारतात तोवर फारसे कोणाच्या हाती आले नव्हते.

या सांगाड्यांवर सांकलिया आणि इरावतीबाई यांनी मिळून लिहिले. १९४९ मध्ये त्यांचा लेख अमेरिकेतल्या नामांकित मानवशास्त्रीय नियतकालिकात आला. डोक्याच्या आणि जबड्याच्या ठेवणीवरून या लोकांचे ईशान्य आफ्रिकेतल्या लोकांशी साम्य दिसते, असे त्यात सुचवले होते. बर्लिनमध्ये शिकलेली वंशांची परिभाषा इथे त्यांच्याही लेखणीत उतरलेली दिसते. मूठभर ठिसूळ हाडांवरून असा शिक्का मारणे पुढच्या पिढीतल्या अभ्यासकांनी सोडून दिले. इरावतीबाईंनी वंशश्रेष्ठत्व नाकारले होते, पण माप घेऊन गट पाडण्याची रीत त्यांनी बरीच वर्षे सोडली नाही. मोठ्या माणसाचे चरित्र लिहिताना हेही लिहिले पाहिजे.

याच रीतीने त्यांनी जिवंत माणसे मोजायला घेतली. डोक्याची रुंदी भागिले लांबी, गुणिले शंभर. उत्तर पंचाहत्तरच्या आत आले तर लांबट डोके, ऐंशीच्या वर गेले तर गोल. नाकाचे, उंचीचे असेच. खेड्यापाड्यांत, एसटीने, बैलगाडीने, पायी जाऊन हजारो माणसांची मापे घेतली गेली. पुढे अर्थतज्ज्ञ म्हणून गाजलेले वि. म. दांडेकर यांच्यासह त्यांनी महाराष्ट्राच्या मापांचा ग्रंथ १९५१ मध्ये प्रसिद्ध केला. अमेरिकेत फ्रान्झ बोआस याने १९११ च्या सुमारास दाखवून दिले होते की स्थलांतर करून आलेल्यांच्या मुलांच्या डोक्याचा आकार आईबापांपेक्षा वेगळा होतो; म्हणजे कवटीसुद्धा परिस्थितीप्रमाणे बदलते. तेव्हा नुसत्या हाडांवर किती भिस्त ठेवायची?

मोजता मोजता इरावतीबाईंना दुसरेच काही गवसले. कुंभारांचे उदाहरण घ्या. बाहेरच्याला सगळे कुंभार एकच. जवळून पाहिले तर मोठ्या चाकाचे वेगळे, लहान चाकाचे वेगळे; त्यांच्यात रोटीबेटी नाही, चालीरीती निराळ्या, आणि मापेही जुळत नाहीत. धंदा एक, नाव एक, पण कुळे वेगळी. ब्राह्मणांचेही तेच. एका मूळ समाजाचे तुकडे होत होत जाती झाल्या, ही समजूत त्यामुळे डळमळली. निरनिराळे आप्तगट शेजारी शेजारी येऊन बसले, प्रत्येकाने आपापल्यातच लग्ने केली आणि त्या गटांना वरून एक नाव मिळाले, असे चित्र त्यांनी मांडले. जात म्हणजे विस्तारलेले गणगोत. मग त्या मापक बाजूला ठेवून मामा, आत्या, मेहुणा, साडू या शब्दांच्या मागे लागल्या. भारतभरच्या नात्यागोत्याच्या पद्धतींवरचा त्यांचा ग्रंथ १९५३ मध्ये आला आणि जगभर वाचला गेला. पूर्वजांचा पत्ता हाडांइतकाच, किंबहुना अधिक, लग्नाच्या नियमांत लागतो हे त्यांना उमगले होते.

त्यांनी केलेल्या पाहण्यांत एक होती पश्चिम खानदेशातल्या भिल्लांची. पश्चिम खानदेश म्हणजे आजचे धुळे आणि नंदुरबार; म्हणजे ज्या डोंगरांत मी कर्जे वाटत हिंडलो तोच मुलूख. ती पाहणी सामाजिक आणि आर्थिक होती. जमीन किती, पिकते काय, खाणारी तोंडे किती, देणे कोणाचे. पुण्याला बदली झाल्यावर जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून मी इरावतीबाईंचे संशोधनपर लेखन जमवू लागलो, तेव्हा माझ्या त्या आवडत्या वाक्याची लाज वाटू लागली. काठीला मोरपिसांचा टोप घालून नाचणारा माणूस आणि जीपला टेकून उभा असलेला मी, दोघांच्याही पाठीमागे सारख्याच पिढ्या होत्या. त्याचे पूर्वज कुठे थांबून राहिले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी मी जी मक्याची भाकरी खाल्ली तो मका मूळचा अमेरिकेतला. युरोपियनांच्या जहाजांतून आपल्याकडे येऊन त्याला फार तर पाच शतके झालेली. सातपुड्याने तो आपलासा केला, चढावर पिकवला. हा बदल नव्हे तर काय? जिवंत माणूस कोणाचाही जीवाश्म नसतो. मी मात्र त्याला दहा हजार वर्षे मागे ढकलून मोकळा झालो होतो. फिशरसाहेब वेगळे काय करत होते?

कुठलीही माणसे जवळून पाहिली की ती आपल्यासारखीच निघतात, हा इरावतीबाईंचा अनुभव त्यांच्या ललित लेखनातही उतरला. ‘युगान्त’मध्ये त्यांनी महाभारतातल्या भीष्म, गांधारी, कुंती, द्रौपदी यांना देव्हाऱ्यातून खाली घेतले आणि चुका करणारी, सोसणारी माणसे म्हणून पाहिले. १९६८ साली त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पूर्वजांना देव करायचे नाही आणि शेजाऱ्याला वानर करायचे नाही, असा तो सगळा एकच विचार आहे.

१९६९ मध्ये त्यांचे शेवटच्या कामांपैकी एक प्रसिद्ध झाले. कन्या जाई निंबकर यांच्यासह केलेली, कोयना धरणामुळे उठलेल्या लोकांची पाहणी. बर्लिनला १४९ कवट्यांवर सुरू झालेला प्रवास इथे आला होता: घर बुडालेल्या माणसाला जमीन मिळाली का, मिळाली तर कशी, नातेवाईक एका गावी राहिले की फुटले. ११ ऑगस्ट १९७० रोजी, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, पुण्यात त्यांचे निधन झाले.

त्यानंतर शोधांचा पूर आला. १९७४ मध्ये इथिओपियात हदार येथे बत्तीस लाख वर्षांपूर्वीची ‘लूसी’ सापडली. त्या मोहिमेशी संबंधित असलेल्या भूशास्त्रज्ञ गुड्रुन कॉर्व्हिनस या लग्नाने कर्व्यांच्या सून. नेवाशाजवळ प्रवरेकाठी चिरकी येथे त्यांनी आधी अश्मयुगीन हत्यारांचे उत्खनन केले होते. ५ डिसेंबर १९८२ रोजी भूवैज्ञानिक अरुण सोनकिया यांना मध्य प्रदेशात हथनोरा येथे, नर्मदेच्या गाळात, एका अतिप्राचीन मानवाची कवटी मिळाली. ती नेमकी कोणत्या मानवाची आणि किती लाख वर्षांची यावर अजून वाद आहे. अडीच लाख वर्षांच्या आसपास असा एक अंदाज. तीच नर्मदा पुढे वाहत येऊन अक्कलकुवा आणि अक्राणीच्या उत्तरेची सीमा होते, काठीपासून काही डोंगर ओलांडले की दिसते. आणि २०१३ मध्ये हैदराबाद आणि हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी रक्तातल्या जनुकांवरून दाखवले की सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वीच्या काळात भारतातले समूह एकमेकांत सर्रास मिसळत होते, भिल्लांसारखे डोंगरातले समूहसुद्धा. आपापल्यातच लग्ने करण्याची कडक रीत नंतरची. इरावतीबाईंच्या हाती असे साधन असते तर त्या किती हरखल्या असत्या!

निवृत्तीनंतर एकदा पुन्हा काठीला गेलो. माझा एक जुना कर्जदार भेटला. त्याच्या अर्जावर वयाच्या रकान्यात मी अंदाजे पन्नास लिहिले होते. तेव्हा तिथे कोणाचेच वय आम्हाला ठाऊक नसे, आम्ही चेहरा पाहून लिहायचो. म्हणजे त्या हिशेबाने तो आता ऐंशीच्या पुढे हवा. होळीच्या आदल्या संध्याकाळी अंगणात बसून त्याने आपल्या कुळाची नावे सांगितली. बाप, आजा, पणजा, त्याचा बाप, असे करत आठ पिढ्या बोटांवर मोजल्या. मग नातवाकरवी मला माझ्या विचारल्या. मी पणजोबांपर्यंत आलो आणि अडलो.

त्याच्या बहिणीचे गाव नर्मदेच्या काठी होते. सरदार सरोवराच्या पाण्यात ते गेले आणि माणसे तळोद्याकडच्या वसाहतीत आली. जिथे जाळले-पुरले ती जागाही पाण्याखाली गेली, एवढेच त्याने सांगितले आणि गप्प झाला. नदीच्या वरच्या अंगाला मिळालेल्या एका कवटीसाठी आपण देशोदेशीचे विद्वान बोलावले. खालच्या अंगाच्या या माणसांची मोजदाद तितक्या आस्थेने झाली का, हे मी स्वतःला विचारत राहिलो. कोयनेच्या लोकांकडे जाणाऱ्या इरावतीबाईंनी ती नक्की केली असती.

पहाटे होळी पेटली. म्हातारा नातवाच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. घरी आल्यावर मी जुनी कथा काढली आणि ते वाक्य खोडले.